भालचंद्ररावांची गाडी कुणी घेईना

माधवगंजातल्या भालचंद्र उपासन्यांना एक खोड होती. कुणाला काही द्यायचं ठरलं, की आधी ते ती वस्तू दुरुस्त करायला बसत. जुना सदरा भांडीवालीच्या नवऱ्याला द्यायचा तर त्याची तुटकी बटणं आधी शिवून होत. छत्री द्यायची तर तिची काडी बदलून आणत, आणि मग ती इतकी झकास दिसे की त्यांच्या पत्नी इंदुताई म्हणत, "आता हिला कशाला देता? आपली तर गळते आहे." पण दिलेला शब्द तो शब्द. धड छत्री दाराबाहेर जाई आणि गळकी घरात राही, असा उपासन्यांचा संसार वर्षानुवर्षं चालला होता.

खोड पिढीजात होती. उपासनी मूळचे भिक्षुक. दक्षिणेतून फौजेच्या मागोमाग पूजा सांगायला ग्वाल्हेरला आले आणि इथलेच झाले. भालचंद्ररावांच्या पणजोबांना कुणा सरदाराने मोठ्या थाटात गोदान केलं. रंगवलेली शिंगं, पाठीवर झूल, गळ्यात घंटा, आणि गाय ठार भाकड! पणजोबांनी तिला मरेपर्यंत पोसलं, आणि रोज वैरण टाकताना न चुकता दात्याचा उद्धार केला. तेव्हापासून घरात नियमच झाला, की द्यायचं तर धड द्यायचं, खोट असलेली वस्तू कुणाच्या गळ्यात मारायची नाही. भालचंद्ररावांनी संध्या सोडली, सोवळं सोडलं, टेलिफोन खात्यात नोकरी केली, पण हा नियम काही सोडला नाही.

अशा माणसावर आपली मोटार देऊन टाकायची पाळी आली.

मोटार म्हणजे एक छोटीशी चारचाकी, एके काळी पांढरीशुभ्र आणि आता सायीच्या रंगाची. मुलगा पुष्कर आठवीत असताना घेतलेली. तेव्हा त्या गल्लीत दुसरी मोटार नव्हती, त्यामुळे कागदावर ती उपासन्यांची असली तरी वापरात सगळ्या गल्लीची होती. बाळंतिणी तिच्यातून गेल्या, नवऱ्यामुली गेल्या, गणपती तर दरसाल पुढच्या सीटवर बसून आले. भालचंद्रराव सायकलीच्या वेगाने गाडी चालवत आणि हॉर्नवरचा हात काढत नसत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गायीसुद्धा तो हॉर्न ओळखून बाजूला होत, असं इंदुताई सांगत. त्यात अतिशयोक्ती असेल, पण फार नसेल.

आता गाडीची सगळी हाडं कुरकुरत होती. सेल्फ मनात आलं तर लागे. क्लच घसरे. डावीकडचं मागचं दार फक्त आतून उघडे, आणि सायलेन्सर असा खोके की आजूबाजूची पोरं जागी होत. मालकाची तब्येतही गाडीच्या वळणावर गेली होती. त्यांना काचबिंदू निघाला. समोरचं दिसे, बाजूचं दिसेना. नया बाजारात एका संध्याकाळी त्यांना पपयांचा ठेला दिसलाच नाही. दोन पपया गेल्या, ठेलेवाल्याने चार शब्द सुनावले, भालचंद्ररावांनी ते ऐकून घेतले आणि गाडी हळूहळू घरी आणली. मग किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "इंदू, संपलं."

पुण्याहून पुष्करचा फोन आला. मुलगा गुणी, पण त्याला सगळं झटपट लागतं. "बाबा, कबाडीला देऊन टाका. मी इथूनच बुक करून दिलं आहे. रविवारी बिर्लानगरहून माणूस येईल, गाडी उचलून घेऊन जाईल."

"घेऊन जाऊन काय करेल?"

"कापतात, बाबा. पत्रा वेगळा, इंजिन वेगळं."

भालचंद्रराव "बरं" म्हणाले आणि त्या दिवशी नीट जेवले नाहीत. भरल्या ताटावरून ते कधी उठत नसत, म्हणून इंदुताईंना काळजी वाटली. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ते म्हणाले, "मी तिला कापू देणार नाही. रविवारच्या आत कुणाला तरी देऊन टाकतो."

देणं सोपं असतं, असं आपल्याला वाटतं. भाच्याने सांगितलं, "मामा, एसी नाही ना हिला." गल्लीतल्या वाण्याने सांगितलं, "बाऊजी, खड़ी कहाँ करेंगे?" फुकट म्हटलं की माणसं आधी खोट शोधतात, आणि इथे तर शोधायची गरजच नव्हती. मग एकदम भालचंद्ररावांना उन्नती आठवली आणि आपण इतका वेळ दुसऱ्या कुणाचा विचार तरी का केला, असं त्यांना वाटलं.

उन्नती म्हणजे समोरच्या जगदाळ्यांची सून. फिजिओथेरपी शिकलेली. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचे खांदे, गुडघे, मणके हलते करी. तिचा नवरा ध्रुव झाशीला रेल्वेत, म्हणून ही आठवडाभर सासूसासऱ्यांजवळ. मशीन पिशवीत घालून, पिशवी स्कूटरच्या पायापाशी ठेवून, ग्वाल्हेरच्या लूमध्ये, त्या भाजत्या वाऱ्यात, तोंडाला ओढणी गुंडाळून दिवसभर हिंडायची. इंदुताईंचा गुडघा तिनेच चालता केला होता. मे महिना तोंडावर आला होता. गाडी तिला मिळाली तर गाडीचंही भलं आणि पोरीचंही.

भालचंद्रराव आधी दौलतसिंह मिस्त्रीकडे गेले. दौलतसिंहने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि बंद केलं. "सब ठीक करने में टाइम लगेगा, बाऊजी. संडे तक तो नहीं." मग जेवढं होईल तेवढं करून घेतलं. मागचं दार उघडायला लागलं, हॉर्न खणखणीत झाला, दोन दिवस पुरेल इतकी बॅटरी भरली आणि गाडी साबणाने धुतली. सेल्फ, क्लच आणि सायलेन्सर राहिले, पण बाहेरून गाडी अशी दिसत होती की उपासन्यांच्या पणजोबांनी कौतुक केलं असतं. निदान झूल तरी चांगली होती.

जगदाळे म्हणजे जुने शिलेदार. उन्नतीचे सासरे विश्वासराव यांच्या घरात भिंतीवर दोन तलवारी, एक ढाल आणि वनखात्यातल्या निवृत्तीच्या समारंभाचा फोटो, सगळं एका ओळीत. माणूस मनाने लोणी, पण मिशी मात्र फौजेतली. उपासन्यांशी त्यांचं रोज सकाळी वर्तमानपत्रावरून भांडण आणि रोज संध्याकाळी बाकावर गप्पा, हे न चुकता चाले.

भालचंद्रराव पेढे घेऊन गेले. बसले. पाणी झालं. मग म्हणाले, "विश्वासराव, मनात एक गोष्ट आहे. माझी गाडी मी उन्नतीला दान देऊन टाकावी म्हणतो."

विश्वासरावांचा पेढा तोंडाशी थांबला. "काय म्हणालात?"

"दान. अगदी धडधाकट आहे. हॉर्न ऐकलात ना सकाळी?"

"शास्त्रीबुवा," विश्वासराव पेढा ताटलीत परत ठेवत म्हणाले, "जगदाळ्यांच्या घरात दान देतात. घेत नाहीत. आमच्या आजोबांच्या वडिलांनी तुमच्याच घरी गाय दिली आहे, शिंगं रंगवून, झूल घालून. आता त्याच घराकडून आम्ही मोटार घ्यायची?"

ती गाय कोणाकडची होती, हे भालचंद्ररावांना तोवर ठाऊक नव्हतं. जिभेवर आलेलं सगळं त्यांनी पेढ्याबरोबर गिळून टाकलं आणि ते घरी आले. शंभर वर्षांचं कोडं उलगडल्याचा आनंदही त्यांना धड घेता आला नाही.

उन्नती संध्याकाळी उपासन्यांच्या जिन्यातच भेटली. "काका, मला सासूबाईंनी सांगितलं. गाडी तर मला पाहिजेच आहे हो. कल तो मशीन गिरते-गिरते बची, सच में. पण आबासाहेब नाही म्हणून राहिले, तर त्यांच्यावर जाऊन मी कशी घेऊन घेऊ?"

"नको घेऊस. मी बघतो," भालचंद्रराव म्हणाले. "चूक माझी आहे. शब्द चुकला."

रात्रभर त्यांनी विचार केला. दान घेणं शिलेदाराला कमीपणाचं, कबूल. पण शिलेदार नजर, म्हणजे नजराणा, तर घेतो! दसऱ्याच्या दरबारात लहान माणूस रुमालावर काही ठेवून मोठ्यापुढे धरतो, मोठा ते स्वीकारतो, आणि त्यात कुणाचाच मान जात नाही. उपासन्यांच्या आजोबांनी असे दरबार मागच्या रांगेतून पाहिले होते. इंदुताईंनी कपाटातून जरीकाठी रुमाल काढून दिला आणि विचारलं, "आता कमरेत वाकाल, ते परत सरळ कोण करणार? उन्नती तर कामावर आहे."

शनिवारी सकाळी भालचंद्रराव रुमालावर किल्ली ठेवून, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून जगदाळ्यांच्या बैठकीत गेले आणि झेपेल तेवढे वाकले. "सरदार, नजर आणली आहे."

विश्वासराव विरघळले. असं त्यांना आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. ते उठून आत गेले आणि फेटा बांधून आले. खुर्चीत ताठ बसले. उजव्या हाताची बोटं किल्लीला अलगद लावली, तीच बोटं कपाळाला टेकवली आणि म्हणाले, "कबूल. परत."

"परत? अहो, परत काय?"

"नजर अशीच असते, बुवा. हात लावला म्हणजे पोहोचली. ठेवून घेईल तो लोभी. तुमच्या आजोबांनी मागच्या रांगेतून एवढं नाही पाहिलं?" विश्वासरावांना इतका आनंद झाला होता, की त्यांनी भालचंद्ररावांना दारापर्यंत सोडलं आणि जाताना विडा दिला. किल्ली उपासन्यांच्याच खिशात राहिली.

घरी येऊन भालचंद्रराव विडा न खाता बसून राहिले. डोक्यातलं सगळं शास्त्र संपलं होतं. गाडी त्यांनी दोनदा दिली होती आणि ती दोन्ही वेळा मानाने परत आली होती. रविवार मात्र कुणाचा मान बघायला थांबणार नव्हता.

रविवारी कबाडीचा माणूस लोखंडी साखळ्या लावलेला ट्रक घेऊन आला. ट्रक उपासन्यांच्या दाराशी थांबणार, तेवढ्यात इंदुताई पुढे झाल्या. "इधर धूप है, भैया. सामने नीम के नीचे लगाओ." समोरचा कडुनिंब जगदाळ्यांच्या ओसरीला लागून होता, आणि ओसरीवर विश्वासराव वर्तमानपत्र वाचत बसले होते. इंदुताईंनी हे नुसत्या सावलीसाठी केलं की आणखी कशासाठी, ते त्यांनी पुढे कधीच सांगितलं नाही.

माणसाने किल्ली फिरवली. सेल्फ एकदा कण्हला आणि गप्प झाला. पुन्हा फिरवली, तेवढंही नाही. मग त्याने बॉनेटवर लोखंडी सळईने ठकठक केलं, जणू खरबूज पिकलं आहे का ते पाहावं, आणि म्हणाला, "ये तो मरी पड़ी है, बाऊजी. घसीट के चढ़ाना पड़ेगा." त्याने साखळी गाडीच्या पुढच्या अंगाला अडकवली. साखळी ताणली तशी गाडीने जमिनीवर चाकं घासली आणि असा आवाज केला, की भालचंद्ररावांनी मान फिरवली. त्यांना फार वाईट वाटत होतं. एवढी वर्षं जिने कुणाला नाही म्हटलं नाही, तिला अशी ओढत नेताना पाहावं लागतंय, आणि आपण काही करू शकत नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"थांब!" ओसरीवरून आवाज आला. वर्तमानपत्र खाली पडलं होतं. "कुठे घेऊन चालला आहेस तिला?"

"कटने, साहब."

"चालत नाही म्हणून कापणार?" विश्वासराव अनवाणीच खाली उतरले. "शास्त्रीबुवा, ही गाडी चालत नाही?"

"नाही," भालचंद्रराव खाली बघून म्हणाले.

"परवा तर धडधाकट म्हणालात!"

"हॉर्न धड आहे. दार धड आहे. सेल्फ गेलेला आहे. क्लच घसरतो. सायलेन्सर फुटला आहे, आणि चढावर धूर सोडते."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"देताना खोट कशी सांगू? लाज वाटली."

विश्वासरावांनी कपाळावर हात मारला. "अहो, दोन दिवस तुम्ही माझ्यासमोर चांगलं घोडं नाचवत राहिलात! चांगलं घोडं जगदाळे कुणाकडून फुकट घेणार नाहीत. पण म्हातारं, लंगडं घोडं आमच्या दारावरून खाटकाकडे जाईल? आमच्या सात पिढ्यांत गेलं नाही. जो घोडा पाठीवर बसवून फिरला, तो थकला की त्याला पागेत आणायचं आणि मरेपर्यंत चारा घालायचा. आपला असो की शेजाऱ्याचा. त्याला घेणं नाही म्हणत, बुवा. ते आमचं देणं आहे." मग ते ट्रकवाल्याकडे वळले. "साखळी सोड. खोल इसको."

ट्रकवाला कुरकुरला. त्याला शांताताईंनी, म्हणजे विश्वासरावांच्या पत्नीने, दोन पेले पन्हं पाजलं. भालचंद्ररावांनी पुण्याला फोन लावून ट्रकच्या फेऱ्याचं भाडं पुष्करच्या गळ्यात घातलं, आणि ट्रक रिकामा परत गेला.

मग गाडी ढकलायला सुरुवात झाली. विश्वासराव एका बाजूने, वाणी दुसऱ्या बाजूने, स्टिअरिंगवर उन्नती, आणि मागून भालचंद्रराव, नुसतेच हात टेकवून. विश्वासराव ढकलता ढकलता गाडीला शिव्या देत होते. काय हे हाड, काय ही चाकं, फुफ्फुसं तर पार गेलेली आहेत! भालचंद्ररावांना वाटलं, इतकं गोड बोलणं आपण कितीतरी दिवसांत ऐकलं नाही. एवढा जीव तोडून त्यांनी ज्या खोटी लपवल्या होत्या, त्यांच्यावरच गाडी तरली होती. ते एकटेच मोठमोठ्याने हसत सुटले आणि त्यांना ढकलायचंही सुचेना.

गाडी जगदाळ्यांच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली गेली. दौलतसिंह घरीच येऊ लागला. "दुरुस्ती आमची," विश्वासरावांनी सांगून टाकलं होतं, "चारा जुन्या मालकाने नाही घालायचा." काही दिवसांतच गाडी स्वतःच्या पायांवर बाहेर पडली. उन्नती मशीन मागच्या सीटवर ठेवून, काचा खाली करून, गल्लीतून पहिल्यांदा गेली तेव्हा शांताताईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं आणि सगळी गल्ली दारात आली.

भालचंद्रराव मात्र आले नाहीत. ते खिडकीच्या पडद्यामागून बघत होते. दिलेल्या वस्तूकडे मालकाच्या नजरेने बघू नये, हाही त्यांच्या घरचाच नियम. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. गाडी वाचली होती, पोरीची सोय झाली होती, त्यांना हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि तरी सकाळी उठून काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. पपयांच्या ठेल्यापासून त्यांच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. आता कामाचं काही उरलं नाही, पुढचा ट्रक आपल्याच दाराशी येईल. हे त्यांनी इंदुताईंनाही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी बाकावर जाणंसुद्धा त्यांनी सोडलं होतं.

एका सकाळी खालून हाक आली. "शास्त्रीबुवा! जिवंत आहात ना?"

ते खाली गेले. जगदाळ्यांच्या अंगणात गाडी उभी होती, शेजारी उन्नती, आणि समोर कमरेवर हात ठेवून विश्वासराव.

"घोडं आमच्या पागेत आलं त्याला किती दिवस झाले? एकदा तरी फिरकलात?"

"दिलेल्या वस्तूवर..."

"दिली कुणी? आम्ही आसरा दिला आहे. आणि आमच्यात म्हाताऱ्या घोड्याबरोबर त्याचा मोतद्दारही, त्याला सांभाळणारा माणूसही, पागेत येतो. त्याला निराळं बोलावणं पाठवत नाहीत. घोडं नव्या हाताला बुजतं, जुना माणूस जवळ लागतो. सूनबाई, सांग त्यांना."

"काका, खरंच खूप त्रास होऊन राहिला," उन्नती म्हणाली. "गल्लीत गाडी लावून मी पेशंटकडे वर जाते, की खाली भांडणं सुरू. कुणाची बाइक अडते, कुणाचा ठेला. काल तर अर्धा व्यायाम सोडून खाली पळाले. आणि घरं पण सापडत नाहीत मला. तुम्ही तर टेलिफोनच्या तारा टाकल्या आहेत सगळ्या लष्करात, तुम्हाला गल्ली न गल्ली माहीत. नुसते शेजारी बसून चला ना. चलाना मुझे है, बस आप बैठिए."

भालचंद्ररावांनी विश्वासरावांकडे पाहिलं. मिशीखाली ते हसत होते, पण डोळे मात्र गंभीर होते. त्यांना सगळं समजलं होतं, आणि कदाचित बरेच दिवस समजलेलं होतं. धोतराच्या सोग्याने डोळे पुसावेत तर अंगात पायजमा होता, म्हणून भालचंद्ररावांनी गाडीच्या टपावरची धूळच हाताने पुसली.

"तेल बघितलं होतं का आज?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"मग निघायचं नाही. आधी तेल, मग पाणी." त्यांनी बॉनेट उचललं, वाकून सगळं तपासलं, आणि दोनदा मान हलवली. मग ते झपाझपा रस्ता ओलांडून आपल्या दाराशी आले आणि खालूनच ओरडले, "इंदू! अगं, ऐकतेस का? माझा डबा भर. मी कामावर निघालो आहे."